शालनकाकूचा उजवा हात

"अहो शालनकाकू, सोडा की हात! काकू! अगं तेजू, बघ की तुझ्या आईकडं!"

गिरणीवाल्याची सून ओरडत होती. मी स्टुलावर चढून मागच्या फळीवर दोन-सहा मापाच्या बांगड्यांचे डबे लावत होते. वळून बघते तर आईनं तिचं मनगट धरलेलं, इतकं घट्ट की आईच्या बोटांची पेरं पांढरी पडलेली. आईच्या डाव्या हातात बांगडी तशीच. आई त्या मनगटाकडं अशी बघत होती, की ते आपल्या हातात आलंच कसं.

"आई, सोड."

"सोडतोय की," आई म्हणाली. आमच्याकडं जुन्या बायका असंच बोलतात. पण ती सोडत नव्हती.

मी स्टुलावरून उडी मारली आणि तिचं एकेक बोट उचकटलं. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं. मनगट सुटलं तेव्हा त्याच्यावर चार लाल वळ होते.

"मी काय पळून चालले होते व्हय?" सून म्हणाली आणि हात चोळत समोरच्या दुकानात बांगड्या भरायला गेली. त्या महिन्यात समोर गेलेली ती सातवी. मी मोजत होते.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सतराची होते. आमचं बांगड्यांचं दुकान, बाजारपेठेत, मारुतीच्या देवळाच्या पाठीमागं. पप्पा आठवडी बाजार करायचे, दुकान आई बघायची. आणि आईसारखा हात पंचक्रोशीत कुणाचा नव्हता, हे मी लेक म्हणून सांगत नाही. कसलाही राकट हात आणा, शेतातला, भट्टीवरचा. ती अंगठा आत दुमडायची, चारी बोटांची हाडं एकावर एक गोळा करायची आणि पंजा असा निमुळता करायची की बांगडी पाण्यासारखी खाली उतरायची. बायका गप्पा मारत असायच्या, त्यांना कळायचंही नाही. "झालं पण?" म्हणायच्या.

पूर आल्यावर ते सगळं गेलं.

पूर आला तेव्हा मी दहावीत होते. भारतीआत्या, म्हणजे पप्पांची सख्खी बहीण, नागपंचमीला आमच्याकडं आली होती. चौथ्या दिवशी रस्ते बंद झाले आणि सातव्या दिवशी पाणी माळ्याला लागलं. बोट आली नाही. मग गुऱ्हाळवाल्यांनी गूळ करायची काहील आणली, ती मोठी लोखंडी कढई. आमच्याकडं पुरात तीच बोट. त्यात आई, आत्या, मी. पप्पा आणि दोघंजण पोहत ढकलत होते. पाण्याखाली विजेचा खांब होता, त्याला काहील धडकली आणि उलटली. आई बाभळीच्या बेचक्यात अडकली. तिच्या एका हातात मी होते आणि एका हातात आत्या.

पप्पा पोहत पोचले तेव्हा मीच होते. आत्या तीन दिवसांनी सापडली.

मला त्यातलं फक्त एवढंच आठवतं, की नाकातोंडात गढूळ पाणी आणि मनगट तुटतंय असं दुखणं. आठवडाभर तिथं काळंनिळं होतं.

गावात लोक बोलायला लागले. तोंडावर नाही. पण मला कान आहेत. "लेकीला धरलं आणि नणंदेला सोडलं." कुणी म्हणायचं, आई हाय, करणारच. कुणी म्हणायचं, जीव कसा झाला असंल. पप्पांनी आईला एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

शाळेत परत गेले तर बाईंनी निबंध घातला, 'पुराने मला काय शिकवले'. मी पेन फेकून मारलं. बाईंना लागलं नाही, फळ्याला लागलं. पण परत गेले नाही.

आणि आईचा उजवा हात असा वागायला लागला.

तालुक्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. जिल्ह्याच्या गावी डोक्याचा फोटो काढला, हाताला सुया टोचून करंट देऊन बघितलं. "नसा एकदम चांगल्या आहेत," म्हणाले. मग एका तरुण डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं. त्या म्हणाल्या, "मोठा धक्का बसला की कधीकधी असं होतं. हात बिघडलेला नसतो, पण डोक्याचा हुकूम हातापर्यंत नीट जात नाही. त्या नाटक करत नाहीत हे लक्षात ठेवा."

मी म्हटलं, "मग तिला कांदा कसा चिरता येतो?"

"तेच शोधायला पाहिजे," त्या म्हणाल्या. "नेमकं काय करताना होतं, तू बघ. तुझं लक्ष असतं."

माझं लक्ष असतं हे त्यांना कसं कळलं काय माहीत. पण मी पाळत ठेवली. आई सुईत दोरा ओवायची, पहिल्या दमात. भाकरी थापायची. दुकानात एक लाकडी हात आहे, शोसाठी, त्याच्यावर डझनभर बांगड्या खटाखट चढवायची. पत्र्यावर काही पडलं, आवाज झाला, की मात्र जागच्या जागी ताठ व्हायची, पाय उचलायचे नाहीत. आणि जिवंत हात पुढं आला की तिचा उजवा हात पंज्याकडं जायचाच नाही. सरळ मनगटावर. धरला की धरला.

मला काही कळेना. डोकं फिरायचं. एक दिवस दुकान बंद करून मी तिच्यापुढं बसले.

"भर माझ्यात."

"कशाला?"

"भर म्हणते ना!"

तिनं माझा पंजा घ्यायला हात पुढं केला. मी बोटांकडंच बघत होते. बोटं पंज्याजवळ आली, थांबली आणि घसरून मनगटावर गेली.

"नाटक करतेस तू," मी म्हटलं. "लाकडाच्या हातात बरं भरता येतं."

"मला काय हौस हाय व्हय गं?" आई म्हणाली. "बोटांनाच इचार जा."

रस्त्यावर पण तेच. कुठं रस्ता ओलांडायचा म्हटलं की माझं मनगट धरायची, सगळ्या पेठेसमोर. मी झटका मारून सोडवायचे. "मी काय अंगणवाडीत आहे का?"

तर त्या माघात मयुरीचं लग्न ठरलं. मयुरी म्हणजे भारतीआत्याची एकुलती एक. लहानपणी सुट्टीला आमच्याकडंच असायची, फुटक्या काचांचा खेळ आम्ही दुकानाच्या पायरीवर खेळलोय. आमच्या घराची रीत अशी, की भाचीचा हिरवा चुडा मामाकडून जायचा आणि मामीनं स्वतः भरायचा. भारतीआत्याच्या लग्नात तिच्या मामीनं भरला होता. दुसऱ्या कासारणीकडून भरला म्हणजे माहेर तुटलं, असं धरतात.

मयुरीची आजी, अंबूबाई, आत्याची सासू, स्वतः सांगायला आली. दुकानात बसली, चहा घेतला नाही.

"पोरीचा हट्ट हाय, मामीकडनंच भरणार म्हणती," ती पप्पांना म्हणाली. आईकडं बघत नव्हती. "मी म्हणले, जिच्या हातनं आई सुटली तिच्या हातनं चुडा भरतीस? ऐकंना झालीय."

मी उठले. पप्पांनी नजरेनंच बसवलं.

"आता तुमच्या बायकूच्या हाताचं काय काय ऐकतोय आम्ही," अंबूबाई म्हणाली. "जमत नसंल तर सांगा सरळ. आमच्या गावातली कासारीण हाय. मग मात्र येणंजाणं तिथंच संपलं बघा. मी हाय तोवर तरी."

मला गप्प बसवत नव्हतं, मी ओठ चावत होते. आईनं पदर खोचला.

"मी भरणार," ती म्हणाली.

"भरायचा तर सगळा तूच. अर्धा भरून लेकीला पुढं केलेलं चालायचं न्हाय."

"मीच भरणार म्हणलं न्हवं का."

पुढचे बारा दिवस आईनं शेजारच्या पोरीबाळींचे हात मागून घेतले. रोज तेच. मी रोज बोटं उचकटायचे. शेवटी पोरी आमच्या दारावरून जाईनाशा झाल्या. पप्पा म्हणाले, "कळवू या का, जमत नाही म्हणून?" आई म्हणाली, "मग मयुरीला हाय कोण?"

चुड्याच्या दिवशी आम्ही दोघीच एसटीनं मयुरीच्या गावी गेलो, पप्पा आहेराचं घेऊन लग्नादिवशी येणार होते. तिथल्या स्टँडवर रस्ता ओलांडताना तिनं माझं मनगट धरलं आणि मी झटका मारला. बांगड्यांचा डबा पडता पडता राहिला.

सोप्यात सतरंजी अंथरली होती. पंधरावीस बायका. मयुरी पाटावर, हळदीच्या साडीत. चेहरा बापाचा, पण हात भारतीआत्याचे. तसेच लांब, तळव्याला मऊ, अंगठ्याचं हाड जरा मोठं. आईनं ते हात बघितले आणि तिचा श्वास मला शेजारी ऐकू आला.

"बस मामी," मयुरी म्हणाली आणि हसली. "दोन-चारची आणलीय न्हवं? मी वाळलीय."

"दोन-चारचीच," आई म्हणाली.

एकवीस बांगड्या. उजव्यात दहा, डाव्यात अकरा. पहिली काढली, हळदीकुंकू लावलं. मयुरीनं हात पुढं केला. मी आईच्या बोटांकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, आज तरी, आज एवढा एक दिवस.

बोटं पंज्याजवळ गेली. थांबली. आणि मनगटावर बसली.

पहिल्यांदा कुणाला कळलं नाही. मग मयुरीचा चेहरा आवळला. "मामी, जरा सैल..." आईच्या कपाळावर घाम. खांद्यापासून हात मागं ओढत होती, बोटं मात्र दगडासारखी. एक बाई दुसरीच्या कानात काहीतरी म्हणाली. अंबूबाई भिंतीला टेकून बसली होती, ती मोठ्यानं बोलली.

"बघा गं. आता धरतीया. जवा धरायला पायजे हुतं तवा न्हाय धरलं."

मला राग आला. पण माझा राग असतो कुणावर आणि निघतो कुणावर, ते मलाही सांगता येत नाही. अंबूबाईवर निघायला पाहिजे होता. मी आईची बोटं उचकटत होते, ती निघत नव्हती, सगळ्या बायका बघत होत्या, मयुरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मी ओरडले,

"सोड ना! आत्याला सोडलंस तेव्हा बरा सुटला हात!"

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. माझं मलाच ऐकू आलं, मी काय बोलले ते.

आईनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. दुकानात एखादीनं चुकीचं माप सांगितलं की बघायची तसं.

"सोडला न्हाय मी, तेजू."

"मग?"

"धरला होता. चांगला धरला होता."

"आता काय, सगळीच म्हणतील धरला हुता," अंबूबाई म्हणाली.

आईचं शेवटचं बोट सुटलं. मयुरीनं हात मागं घेतला नाही, तिथंच ठेवला. आई माझ्याकडं वळली.

"हात दे तुझा."

मी दिला. तिनं डोळे मिटले. आणि दीड वर्षात जे झालं नव्हतं ते झालं. तिच्या उजव्या हाताची बोटं माझ्या पंज्यावर आली. अंगठा आत दुमडला, चारी बोटांची हाडं एकावर एक गोळा झाली, पंजा निमुळता झाला. लहानपणी दर सणाला व्हायचा तसा. दुखलं पण नाही.

"आता वढ," आई म्हणाली. "मी धरलंय घट्ट. सगळा जोर लावून धरलंय. वढ तू."

मी ओढला. हात सरकन बाहेर आला. तिच्या बोटांच्या नळीतून, न अडकता.

आई डोळे मिटूनच बोलली. "असा धरला होता भारतीचा."

माझं डोकं चालायला वेळ लागला, पण त्या बायकांचं चाललं होतं. बहुतेकजणी आमच्याच दुकानात बांगड्या भरून गेलेल्या, त्यांना ती पकड हाडापर्यंत माहीत होती. एकीनं स्वतःचाच पंजा दुसऱ्या हातात घेऊन बघितला. अंबूबाईनं तोंडावर पदर घेतला.

"पाण्यात हात आला तिचा," आई म्हणाली. "मी बघितलं बी न्हाय. हातात हात आला की माझी बोटं काय करत्यात? वीस वर्सं जे केलं तेच केलं. आवळला आणि... जितका आवळत गेले तितका बारीक होत गेला. मनगट धरायला पायजे हुतं. कुणीबी धरलं असतं मनगट. शाळकरी पोरानं धरलं असतं."

"मग मला?" मी विचारलं. "मला कशी धरलीस?"

"तुला डाव्यानं धरली. डाव्याला नुसती बांगडी सरकवता येती, पंजा आवळायचं काय येतंय?" आईनं डावा हात उलटा करून बघितला. "त्यानं मनगट धरलं. त्याला धंदा येत न्हवता म्हणून तू ऱ्हायलीस."

मी माझ्या मनगटाकडं बघत बसले. दीड वर्षं मला वाटायचं, आईनं मला निवडलं. त्यासाठी मी तिच्यावर रागावले होते, हे मला तेव्हा कळलं. आणि निवडलं नव्हतंच हे कळल्यावर नक्की काय वाटायला पाहिजे, तेही कळेना. अजून नीट कळत नाही.

मयुरीच आधी बोलली. नाक पुसलं आणि हात परत पुढं केला.

"मामी, तू धर की मनगट. धरायचं तेवढं धर. मी कुठं चाललेय?"

"मग बांगडी कुठनं चढायची गं?" आई म्हणाली.

"धर तू," मी म्हटलं. "उजव्यानं मनगट धरून बस. पंजा मी आवळते. बांगडी डाव्यानं सरकव."

मी अंबूबाईकडं बघितलं. तिची अट होती, सगळा आईनंच भरायचा. ती कितीतरी वेळ मयुरीच्या हाताकडं बघत होती. ते हात तिच्या घरात वीस वर्षं राबलेल्या सुनेचे होते. मग म्हणाली, "बघता काय? पोरीचा हात अवघडंल. घाला."

असा तो चुडा भरला. आईचा उजवा हात मयुरीच्या मनगटावर, दगडासारखा. मी दोन्ही हातांनी मयुरीचा पंजा गोळा करत होते आणि आईचा डावा हात, ज्याला आवळायचा धंदा येत नव्हता, बांगडी वेडीवाकडी पुढं ढकलत होता. मयुरी "आई गं" म्हणायची आणि हसायची. बांगडी मनगटाशी आली की आईची मूठ तिच्यापुढं जरा वर सरकायची, कोपराच्या बाजूला, पण सुटायची नाही. सहावी बांगडी माझ्या हातून वाढली. काच सतरंजीवर पडली आणि सगळ्यांनी अंबूबाईकडं बघितलं.

"एवढं चालतंय," ती म्हणाली. "दुसरी घ्या. डबा भरून आणलाय न्हवं का?"

एकवीस बांगड्या भरायला दीड तास लागला. आई आधी पंधरा मिनिटांत भरायची. उठताना अंबूबाईनं आईची ओटी भरली आणि तिच्या उजव्या हाताला स्वतःचा हात लावला. माफी वगैरे मागितली नाही. अंबूबाईच्या मनगटावर पण मग चार वळ उठले, कारण तो हात बसायचा तिथं बसलाच. तिनं आम्हाला स्टँडवर सोडायला उभ्या असलेल्या पोरांना ओरडून सांगितलं, "थांबा रे, घाई काय हाय?" आणि मी बोटं सोडवेपर्यंत उभी राहिली.

मी हे सगळं त्या डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं, ते पुढच्या आठवड्यात. त्यांनी लिहून घेतलं. हात आजही बरा झालाय असं नाही. कधी पंज्यावर येतो, कधी नाही. दुकानात बांगड्या मी भरते, आई शेजारी बसून माझ्या चुका काढते.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. परत येताना स्टँडवर रस्ता ओलांडला. आईनं माझं मनगट धरलं. गाडीत चढलो तरी धरलेलंच. बसलो तरी. दुखत होतं, हाताला मुंग्या आल्या होत्या.

कंडक्टर आला. मी डाव्या हातानं पर्स उघडायला बघत होते, चेन निघत नव्हती.

"मावशी, पोरीचा हात तरी सोडा की," तो म्हणाला. "पैसे कसे काढंल ती?"

आई कावरीबावरी झाली. "सोडतोय की," म्हणाली.

"ती नाही सोडणार," मी कंडक्टरला म्हटलं. "तुम्ही दोन तिकिटं काढा. मी देते दातानं चेन उघडून."